पुरानंतरचा गाळ आणि राडारोडा: उचलण्याचा खर्च शासनाकडून कसा मिळवायचा

पाणी ओसरल्यावर गाळाचा पहिला डंपर भरून निघतो. त्या वेळी चालकाच्या हातात खेपेची पावती आहे की नाही, यावर तो खर्च परत मिळणार की नाही हे बरंचसं ठरून जातं. प्रस्ताव महिनाभराने तयार होतो, लेखापरीक्षण त्याच्याही बरंच नंतर येतं. पण दोन्ही वेळी जे कागद मागितले जातात ते पहिल्या आठवड्यातच तयार होऊ शकतात. मागाहून एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली लॉगबुकं लगेच ओळखू येतात, आणि मग खरोखर झालेलं कामही संशयात सापडतं.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींसाठी आहे. मुख्याधिकारी आणि अभियंत्यांइतकीच ती आरोग्य निरीक्षक, मुकादम आणि लेखापालाच्या कामाची आहे, कारण पावती तेच फाडतात.

पैसा कुठला आणि कोणत्या अटीवर

हा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, म्हणजे एसडीआरएफमधून भागवला जातो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४८ खाली हा निधी उभा आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. कशासाठी किती द्यायचं याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाचे निकष १० ऑक्टोबर २०२२ रोजी निघाले आणि राज्याने ते २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केले. वित्त आयोगाचा कालावधी बदलला की निकषही बदलतात. म्हणून प्रस्तावात आपत्तीच्या तारखेला लागू असलेलाच शासन निर्णय उद्धृत करा. जुन्या फाईलवरून मजकूर उतरवताना जुनाच संदर्भ राहून जातो आणि तेवढ्यावरून प्रस्ताव परत येतो.

या निकषांत घर पडलं तर इतके, जनावर दगावलं तर इतके, असे ठरलेले दर आहेत. ढिगारा हटवण्याला मात्र ठरलेला दर नाही. तिथे तीन गोष्टी आहेत: जागा सार्वजनिक हवी, खर्च प्रत्यक्ष झालेला हवा आणि तो काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आतला हवा. या खर्चाच्या गरजेचं मूल्यमापन मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य कार्यकारी समिती करते. साचलेलं पुराचं पाणी उपसून काढण्यालाही हीच अट आहे, पण ती स्वतंत्र बाब आहे. मृतदेह आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट हीदेखील वेगळी बाब. दरडीखाली माणसं अडकली असताना केलेलं उत्खनन शोध व बचावात मोडतं. माळीण, तळीये, इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी पहिल्या दिवसांतला यंत्रांचा खर्च बचावाचा असतो आणि शोध थांबवल्यावर रस्ता मोकळा करण्याचा खर्च ढिगाऱ्याचा. शोधकार्य थांबवल्याची तारीख आणि वेळ लेखी घ्या. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंची लॉगबुकं वेगळी ठेवा.

आपत्ती कोणत्या नावाखाली बसते हेही आधी ठरवा. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, ढगफुटी, गारपीट, आग, त्सुनामी वगैरे आहेत. अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग या राज्याने जाहीर केलेल्या आपत्ती आहेत आणि त्यांच्यासाठी निधीच्या वार्षिक रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. अतिवृष्टी म्हणायची तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाल्याची नोंद लागते. नदीकाठच्या शहरांत इथेच चूक होते. सांगलीत पाणी शिरतं ते कोयना-वारणेच्या खोऱ्यात झालेल्या पावसामुळे. शहरातल्या मंडळात त्या दिवशी ६५ मिलिमीटर पडलेला नसू शकतो. अशा वेळी प्रस्तावावर ‘अतिवृष्टी’ लिहिलं की पर्जन्यमापकाची नोंद तुमच्याच विरोधात जाते. तिथे ‘पूर’ लिहा आणि जलसंपदा विभागाची पाणीपातळीची नोंद जोडा. सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची ४३ फूट. पाणी त्यावर किती वेळ होतं याचा तक्ता एका पानात येतो.

काम सुरू करण्याआधीचे दोन आदेश

निविदा काढायला वेळ नसतो आणि कायद्यालाही ते ठाऊक आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५० नुसार बचाव आणि मदतीसाठी तातडीची खरेदी करायची तर निविदेची नेहमीची पद्धत शिथिल झाली असं मानलं जातं. मात्र ती मोकळीक मुख्याधिकाऱ्याला आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने तसं प्राधिकृत करावं लागतं. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा लेखी आदेश हवा. कलम ३४ मध्ये ढिगारा हटवणं हे जिल्हा प्राधिकरणाच्या अधिकारांत स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे आदेशात दोन्ही कलमांचा उल्लेख मागून घ्या. दूरध्वनीवर ‘करा सुरू’ असं सांगितलं गेलं असेल तर त्याच दिवशी त्या बोलण्याचा संदर्भ देऊन ई-मेल पाठवा आणि लेखी आदेश मागा.

दुसरा आदेश स्वतःच्या संस्थेचा. नगरपरिषदेत महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ चं कलम ५८(२) आणि महापालिकेत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६७(३)(सी) ही तातडीच्या कामांची कलमं आहेत. ही कलमं वापरली की पुढच्या सभेत विषय ठेवून तशी नोंद करून घ्यावी लागते. हा ठराव राहून गेला तर शासनाकडून पैसे मिळूनही स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघतो.

आदेशावर काम सुरू झाल्याची तारीख स्पष्ट असू द्या, कारण ३० दिवस तिथून मोजले जातात. पाण्यातच उभं राहून, एकही यंत्र चालू होऊ शकत नसताना घाईने ‘काम सुरू’ असं लिहू नका. चार दिवस फुकट जातात. पंधरवड्यात दुसरा पूर आला तर पहिलं काम त्या तारखेला लेखी बंद करा आणि नव्या पंचनाम्यावर, नव्या आदेशाने दुसरं सुरू करा. दोन्ही पुरांचा गाळ एकाच लॉगबुकात गेला की ३० दिवसांचा हिशेब लागत नाही.

उचलण्याआधी मोजा

नुकसानीची पाहणी करायला केंद्रीय पथक येतं तोवर रस्ता धुऊन झालेला असतो, आणि तो धुतलेलाच असायला हवा. पथकासाठी गाळ ठेवून द्यायचा नसतो. त्यामुळे किती होता याचा पुरावा उचलण्याआधीच घ्यावा लागतो.

प्रत्येक रस्त्यावर पाच ठिकाणी गाळात लोखंडी पट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी करा आणि जाडी वाचा. पट्टीवरचे आकडे दिसतील असा जवळून एक फोटो, मागची ओळखीची इमारत दिसेल असा लांबून एक. फोटोवर अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटवणारं कॅमेरा अॅप वापरा. काम चालू असताना आणि संपल्यावर त्याच जागेवरून, त्याच दिशेने पुन्हा फोटो घ्या. तीनही फोटोंत तोच विजेचा खांब दिसला पाहिजे.

मग साधा हिशेब. रस्ता २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, गाळाची सरासरी जाडी २५ सेंटिमीटर. म्हणजे ३०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. तेव्हा या रस्त्यावर सुमारे १०६ ब्रास गाळ आहे. हा आकडा पंचनाम्यात घाला आणि त्यावर अभियंता, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि दोन स्थानिक पंचांच्या सह्या घ्या. गरजेचं मूल्यमापन म्हणून वर जो कागद लागतो तो हाच. पुढे त्या रस्त्यावरून १५० ब्रास निघाला तर घाबरायचं कारण नाही. घराघरांतून लोकांनी बाहेर काढलेला चिखल आणि गटारांतला गाळ त्यात येतो. फक्त तसं शेऱ्यात त्याच दिवशी लिहिलेलं असावं.

खेपेची पावती

सगळ्या प्रस्तावाचा कणा म्हणजे ही पावती. छापील, क्रमांक टाकलेली, तीन प्रतींची पुस्तकं पावसाळ्याआधीच छापून ठेवा. पावतीवर पुढच्या गोष्टी हव्यात:

- तारीख आणि गाडीचा पूर्ण क्रमांक
- भरण्याची जागा: प्रभाग आणि रस्त्याचं नाव, नुसतं ‘बाजारपेठ’ नको
- काय भरलं: गाळ, मिश्र राडारोडा, झाडं-फांद्या, बांधकामाचा ढिगारा
- किती भरलं: पूर्ण, पाऊण, अर्धी
- निघाल्याची वेळ आणि भरणाऱ्या मुकादमाची सही
- टाकण्याच्या जागी पोहोचल्याची वेळ आणि तिथल्या माणसाची सही

एक प्रत भरण्याच्या जागी राहते, एक टाकण्याच्या जागी, एक ठेकेदाराकडे. देयकासोबत ठेकेदाराची प्रत आली की इतर दोन प्रतींशी जुळवायची आणि जी जुळत नाही तिचे पैसे द्यायचे नाहीत. हे ठेकेदाराला कामाच्या आदेशातच लिहून द्या. जेल पेन पावसात पसरतं, म्हणून बॉलपेनच द्या, आणि पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा. ओल्या हाताने पुसलेला गाडीचा क्रमांक पुढे कुणालाच वाचता येत नाही.

टाकण्याच्या जागी माणूस ठेवणं अनेकजण टाळतात. ‘तिथे उन्हातान्हात कोण बसणार?’ पण दुसरी सही नसेल तर गाडी तिथे पोहोचली याला पुरावाच नाही. एक तंबू, एक खुर्ची, दोन पाळ्यांत दोन माणसं. इतर कोणत्याही खर्चापेक्षा हा खर्च जास्त पैसे वाचवतो.

प्रत्येक गाडीचा हौदा काम सुरू होण्याआधी आतून मोजून घ्या आणि मोजमापाचा तक्ता करा. उदाहरणार्थ १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ३.५ फूट खोल हौदा म्हणजे २९४ घनफूट, २.९४ ब्रास. वर चढवलेला शिगोशीग ढीग धरायचा नाही. गाडीच्या दारावर रंगाने क्रमांक आणि ब्रास लिहून टाका, म्हणजे पावती फाडणाऱ्याला विचारावं लागत नाही. वर सांगितलेल्या रस्त्याचा १०६ ब्रास या गाडीने ३६ खेपांत उचलला जाईल. गाळ आणि खेपा यांचा हा मेळ पुढे तपासणारा पहिल्यांदा घालतो.

दुसरा मेळ वजनाचा. ओला गाळ घनमीटरला साधारण १.६ ते १.८ टन भरतो. वरचा हौदा काठोकाठ भरला तर १४ टनांच्या आसपास वजन होतं आणि सहाचाकी टिपरच्या नोंदणी पुस्तकातली मंजूर क्षमता तेवढी क्वचितच असते. शिवाय पातळ गाळ काठोकाठ भरून चालत नाही, वळणावर निम्मा रस्त्यावरच सांडतो. त्यामुळे ओल्या गाळाच्या सगळ्याच खेपा ‘पूर्ण’ लिहिलेल्या दिसल्या की प्रश्न येणारच. जवळपास वजनकाटा असेल तर गाळाचा दर टनावर ठरवा आणि काट्याची पावती खेपेच्या पावतीला टाचा. भिजलेल्या गाद्या, कपाटं, दुकानातला खराब माल यांचा दर मात्र खेपेवर किंवा ब्रासवर ठेवा. जे वजनाने हलकं आणि जागा खाणारं आहे ते टनावर कोणी नेणार नाही. ब्रासवर दर ठेवला तर लोडरच्या बकेटने माल दाबून मगच गाडी सोडा, नाहीतर हवेचेच पैसे जातील.

तिसरा मेळ वेळेचा. टाकण्याची जागा ६ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ किलोमीटर. पुरानंतरच्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने ३६ मिनिटं. भरायला पंधरा, रिकामं करायला पाच. म्हणजे एका खेपेला तास. दहा तासांत दहा खेपा, फार तर बारा. एका गाडीच्या नावावर एका दिवशी बावीस खेपा दिसल्या तर त्या दिवशीचं सगळं लॉगबुक बाद होण्याचा धोका असतो. मुकादमाने रोज संध्याकाळी हा हिशेब स्वतः करून पाहावा. चूक त्याच दिवशी सापडली तर दुरुस्त होते.

जेसीबी, पोकलेन आणि डिझेल

यंत्राचे तास घड्याळावरून लिहू नका, अवरमीटरच्या, म्हणजे यंत्र किती तास चाललं हे दाखवणाऱ्या मीटरच्या, वाचनावरून लिहा. सुरू करताना आणि बंद करताना मीटरचा फोटो. जेवणाची सुट्टी, बिघाड, गाडीची वाट पाहणं हे वेगळ्या रकान्यात. जेसीबीच्या पुढच्या बकेटमध्ये साधारण एक घनमीटर माल मावतो, म्हणजे ब्रासला तीन बकेट. ८ तास चाललेल्या जेसीबीने दिवसभरात फक्त सहा खेपा भरल्या असतील तर उरलेल्या वेळात काय केलं हे लिहिलेलं हवं: ‘रस्त्यावरचा गाळ बाजूला ओढून एकेरी वाट मोकळी केली’, ‘पुलाच्या कमानीत अडकलेले ओंडके काढले’. असा शेरा नसेल तर ते तास कापले जातात. वाट मोकळी करण्याचं काम खरं असूनही!

कामाच्या आदेशात दर डिझेलसह की डिझेलशिवाय हे लिहिलंच पाहिजे. सर्वांत जास्त वेळा सापडणारी गोम हीच: दर डिझेलसह ठरलेला आणि तरी पंपावरच्या पावत्या नगरपालिकेच्या नावाने. जेसीबीला तासाला साधारण ४ ते ६ लिटर डिझेल लागतं. त्या पटीत पावत्या नसतील तर कारण लिहा. नगरपालिकेच्या स्वतःच्या यंत्राला बाजारभावाचं भाडं लावून मागणी करू नका. तिथे प्रत्यक्ष खर्च म्हणजे जादा लागलेलं डिझेल, ऑईल आणि त्याच कामात झालेली किरकोळ दुरुस्ती.

माणसांचंही तसंच. कायम सफाई कामगारांचा पगार आपत्ती नसती तरी द्यावाच लागला असता, तो मागणीत घालू नका. खास या कामासाठी घेतलेले रोजंदारी कामगार, त्यांचा हजेरीपट, रोजची सही-अंगठा आणि बँक खात्यात जमा केलेली मजुरी हे चालतं. रोख वाटप अडचणीचं ठरतं.

बाहेरच्या महापालिकांची पथकं मदतीला येतात. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला ठाण्यासारख्या महापालिकांची पथकं यंत्रं घेऊन आली होती. अशा वेळी त्यांचं डिझेल, जेवण, मुक्काम कोण भरणार हे पहिल्याच दिवशी पत्राने ठरवा. ज्याने खर्च केला त्यानेच मागणी करायची, आणि एकाच डिझेलची मागणी दोन जिल्ह्यांतून जाता कामा नये. स्वयंसेवी संस्थांनी फुकट केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. पण त्यांनी कोणता रस्ता साफ केला याची नोंद ठेवा, म्हणजे पंचनाम्यातला गाळ आणि तुमच्या खेपा यांतला फरक समजावता येतो.

दर कसा ठरवायचा

निविदा माफ झाली म्हणजे वाजवी दराची जबाबदारी माफ होत नाही. सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे चालू वार्षिक ठेक्यातला जेसीबी-डंपरचा दर. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच निविदा काढून ‘गरज पडेल तेव्हा’ असा दरकरार केलेल्या नगरपालिकांना पुरानंतर या प्रश्नावर वेळच घालवावा लागत नाही. तो नसेल तर राज्य दरसूचीतला दर. तोही लागू होत नसेल तर त्याच दिवशी तीन दरपत्रकं घ्या आणि तुलना तक्ता एका पानावर करून सही करा. दर जास्त असेल तर कारण लिहा: रस्ता बंद असल्याने यंत्रं शेजारच्या जिल्ह्यातून आणावी लागली, एवढं एक वाक्यही पुरतं. ‘एकूण रक्कम ठोक’ असा ठेका मात्र कधीच देऊ नका. परिमाण नसलेल्या कामाचा प्रत्यक्ष खर्च सिद्धच करता येत नाही.

मागणी कपातीआधीच्या पूर्ण रकमेची करा, ठेकेदाराच्या हातात पडलेल्या निव्वळ रकमेची नको. कापलेला आयकर आणि जीएसटी भरल्याची चलनं सोबत जोडा. नोंदणी नसलेल्या ठेकेदाराच्या देयकात जीएसटी दिसता कामा नये.

सार्वजनिक कुठे संपतं

रस्ते, गटारं, बाजार, शाळा-दवाखान्यांची आवारं, स्मशानभूमी, घाट हे सार्वजनिक. घरात यंत्र घालून काढलेला गाळ, खासगी सोसायटीचं आवार, गोदाम हे नाही. लोक घरातला चिखल आणि भिजलेलं सामान रस्त्यावर आणून टाकतात, ते उचलणं रस्ता मोकळा करणंच आहे. म्हणून ध्वनिक्षेपकावरून सांगा: अमुक तारखेपर्यंत सामान घराबाहेर रस्त्याच्या कडेला आणून ठेवा. त्या दवंडीची नोंद आणि तारीख फाईलमध्ये ठेवा. पंचनाम्याआधी सामान फेकायला लोक घाबरतात, कारण त्यांची स्वतःची मदत त्यावर अवलंबून असते. तलाठ्याचा पंचनामा ज्या गल्लीत झाला त्याच गल्लीत दुसऱ्या दिवशी गाड्या पाठवल्या तर दोघांचंही भलं होतं.

शेतातल्या गाळाची मदत शेतकऱ्याला थेट मिळते, ग्रामपंचायतीच्या मागणीत ती येत नाही. वर सांगितलेल्या निकषांत गाळाचा थर ३ इंचांपेक्षा जास्त असल्यास हेक्टरी १८,००० रुपये आहेत, अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी. ग्रामपंचायतीने जेसीबी लावून शेत साफ करून दिलं आणि तो खर्च ‘ढिगारा’ म्हणून दाखवला, तर एकाच कामाला दोनदा निधी मागितल्यासारखं होतं.

खचलेला रस्ता, वाहून गेलेली मोरी यांची दुरुस्ती ही पायाभूत सुविधांची वेगळी बाब आहे. ढिगाऱ्याच्या देयकात ‘मुरूम टाकून सपाटीकरण’ अशी एक ओळ घुसली की अख्खं देयक खुलाशासाठी परत येतं.

टाकण्याची जागा नदीपात्रात, पूररेषेच्या आत किंवा ओढ्याकाठी निवडू नका. पुढच्या पावसात तोच गाळ परत येतो. जागा सरकारी असेल तर तहसीलदारांची परवानगी, खासगी असेल तर मालकाचं संमतीपत्र घ्या. पुराबरोबर आलेली वाळू हे गौण खनिज आहे, तहसीलदारांच्या परवानगीशिवाय ती कुणाला विकू किंवा देऊ नका. पडलेल्या झाडांचे ओंडके आणि भंगार लिलावात विकलं तर ती रक्कम मागणीतून वजा करून दाखवा. मेलेल्या जनावरांची संख्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या नोंदीशी जुळली पाहिजे. पशुपालकांच्या मदतीच्या यादीत ४० आणि तुमच्या पुरण्याच्या देयकात ६५ असं दिसलं तर फरकाचं स्पष्टीकरण हवं. वाहून आलेली बेवारस जनावरं असू शकतात, त्यांचा स्वतंत्र पंचनामा करा.

फाईल आणि तिचा प्रवास

३० दिवस संपल्यावर आठवड्याभरात प्रस्ताव पाठवा. वर एक पानाचा गोषवारा: आपत्ती, तारीख, आदेश क्रमांक, रस्तानिहाय ब्रास, एकूण खर्च, त्यात अदा झालेला किती आणि देयक तपासून देणं बाकी असलेला किती. हे दोन रकाने वेगळेच ठेवा. मागोमाग आदेश, पंचनामे, फोटो, गाड्यांचा मोजमाप तक्ता, खेपांचा दिनांकवार गोषवारा, यंत्रांची लॉगबुकं, मोजमाप पुस्तिकेची पानं, दर ठरवल्याचा कागद, देयकं आणि सभेचा ठराव. मूळ पावत्या स्वतःकडे ठेवा, वर साक्षांकित प्रती पाठवा. शेवटी मुख्याधिकाऱ्याचं प्रमाणपत्र: या कामासाठी वित्त आयोग, जिल्हा नियोजन, आमदार निधी, देणगी किंवा अन्य कुठूनही रक्कम मिळालेली नाही. या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी लेखापालाला खरोखर विचारा. कलम ५२ नुसार खोटी मागणी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ग्रामपंचायतीचा प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत आणि नगरपरिषदेचा थेट जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. तिथे आपत्ती व्यवस्थापन शाखा तालुक्यांची मागणी एकत्र करते. पुढे विभागीय आयुक्त, मग मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग, मग राज्य कार्यकारी समिती. शासन निर्णय निघाला की रक्कम अर्थसंकल्पीय वितरण प्रणालीवर येते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लेखाशीर्ष २२४५ मधून मिळते. या प्रवासाला महिने लागतात, म्हणून ठेकेदाराला ‘शासनाचे पैसे आले की देतो’ असं तोंडी सांगून काम करून घेऊ नका. तशी अट असेल तर आदेशात लिहा, नाहीतर स्वनिधीतून तरतूद करा. जिल्हा पातळीवर आगाऊ रक्कम मिळाली असेल तर ती वजा दाखवूनच उरलेली मागणी करा.

मंजूर रक्कम मागणीपेक्षा कमी आली तर कोणती बाब का कापली हे लेखी विचारा. बहुतेक वेळा ३० दिवसांनंतरच्या खेपा, दुसरी सही नसलेल्या पावत्या किंवा दुरुस्तीची एखादी ओळ हे कारण असतं. सही नुसती राहून गेली असेल तर टाकण्याच्या जागेची प्रत शोधून फेरप्रस्ताव पाठवता येतो. ३० दिवसांनंतरचं काम स्वनिधीतून करायचं असं आधीच धरून चाला, आणि तिसाव्या दिवशी संध्याकाळी लॉगबुकात आडवी रेघ मारून, तारीख-वेळ घालून, सही करा.

रक्कम जमा झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्या. ते थकलं तर पुढच्या आपत्तीतला प्रस्ताव आधी तिथेच अडतो. न वापरलेली रक्कम परत भरल्याचं चलन त्याच प्रमाणपत्राला जोडा. पावती पुस्तकं, लॉगबुकं आणि फोटोंची हार्ड डिस्क कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा. पुढचा पूर तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात शिरू शकतो.